लिंबूटिंबू

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी राक्षसांना आकडे देते.
याचा हल्ला किती, त्याची कातडी किती जाड,
कोण कुठल्या ओढ्याकाठी किती वेळाने उगवेल.
आईला सांगते, हिशेबाचं काम आहे.

आमच्या बेटाला कुंपण नाही.
बंदरावर उतरा, पाय नेतील तिकडे जा:
उजवीकडे कुरणं, डावीकडे दीपगृह,
आणि नाकासमोर उत्तरेला गेलात तर दलदल,
दलदलीत गाळोबा.
त्याचं इंग्रजी नाव ठरायला तीन बैठका लागल्या,
माझ्या तक्त्यात तो गाळोबाच.
पातळी अडतीस.
बंदरावरून निघालेल्या पोराची, चार.

मोराग म्हणाली, जगच खेळाडूच्या मापाने वाढवू या.
तो चार तर गाळोबा पाच,
तो तीस तर गाळोबा एकतीस.
कोणीही कुठेही आधी जावं, कोणाचं अडू नये.
फळ्यावर तिने ओढलेली रेघ देखणी होती,
एकही चढ नसलेली.
मी गप्प. खिडकीबाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं,
टे नदीवरचा पूल अर्धा गिळलेला,
त्यावरून एक गाडी
कुठून तरी कुठे तरी चाललेली.

शनिवारी खेळून बघायला मुलं येतात.
रूरी, वय नऊ, पुढचा एक दात पडलेला,
उतरला तो थेट उत्तरेला.
सोबत एकुलता एक खेकडा, चिमट्या,
ज्याला धड नांगीसुद्धा मारता येत नाही अजून.
अकरा वेळा हरला.
"अरे, आधी कुरणात जा ना,"
हे मी अकरा वेळा गिळलं;
बघणाऱ्याने बोलायचं नाही, असा नियम आहे.
निघताना कोटाची चेन ओढत म्हणाला,
"आज त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं."
मान वळवायची सोय
आम्ही केलेलीच नव्हती.

रविवारी रात्री मी एक्केचाळीसचे एकोणतीस केले.
कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिसऱ्याच झटक्यात गाळोबा आडवा.
संगीत वाजलं, नाणी उधळली.
रूरीने कंट्रोलर मांडीवर ठेवला,
पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"तो आजारी आहे का?"

मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी,
मी पाच वर्षांची, शिवाशिवीत लिंबूटिंबू.
पकडलं तरी माझ्यावर राज्य नाही.
मोठी मुलं मला बोटाच्या टोकाने शिवायची,
रंग वाळला का बघतात तशी,
आणि पुढे पळायची.
सगळ्यांत असून मी कोणाच्याच खेळात नव्हते,
आणि हे मला कळत होतं,
सगळ्यांना वाटायचं, कळत नाही.
मग एका संध्याकाळी सुगंधा चिवटेने
पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला.
"राज्य तुझ्यावर!"
मी भोकाड पसरलं.
आणि रडत रडतच भिंतीकडे तोंड करून
दहापर्यंत अंक म्हटले, मोठ्याने,
सातनंतर नऊ म्हटलं तरी कोणी हसलं नाही.
सगळे खरंच पळत होते. माझ्यापासून.

सोमवारी एक्केचाळीस परत केले.
फळ्यावरची मोरागची रेघ अजून आहे,
भांडण मिटलेलं नाही, बहुधा मिटणारही नाही;
तिच्या बाजूनेही मुलंच आहेत, कंटाळून घरी गेलेली,
त्यांची नावं माझ्याकडे नाहीत.
फक्त हालचाली काढणाऱ्या इवानला
मी एक गोष्ट हळूच मागितली:
अकरा वेळा हरलेला पोरगा बाराव्यांदा आला,
तर गाळोबाने मान वळवून बघावं.
ताकद तीच. नुसती मान.

रूरी अजून हरतो.
काल चौदा वेळा.
मधल्या वेळात दलदलीच्या काठावर बसून
खेकड्याला शेवाळ भरवत होता.
चिमट्याची पातळी आता सहा.